जिल्ह्याचा तक्ता आणि माझा वर्ग

मा. साहेब,


गेल्या शिक्षण परिषदेत केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांदेखत तुम्ही मला उभं केलंत. पडद्यावर राष्ट्रीय सर्वेक्षणातला वर्धा जिल्ह्याचा तक्ता होता. "बाई, तुमच्या पोरांना भागाकार का येत नाही?" त्या सर्वेक्षणात आमची शाळा नव्हतीच. तसं सांगू लागले, तर म्हणालात, "कारणं नकोत."

साहेब, ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेलं ते 'परख' सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीचं होतं, तेही निवडक शाळांतल्या निवडक मुलांचं. त्यातून जिल्हा कळतो. जी शाळा त्यात नव्हती, तिच्या बाईंची लायकी कशी कळावी?

नमुना तपासून शाळा जोखायची ही कल्पना तर आपल्या वर्ध्याला नवी नाही. ऑक्टोबर १९३७मध्ये इथेच शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समिती नेमली गेली. परीक्षापद्धती शिक्षणाला शाप ठरली आहे, असं समितीने अहवालात स्पष्ट म्हटलं. त्यापेक्षा निरीक्षकांनी काही निवडक मुलांची चाचणी घेऊन भागातल्या शाळांचं काम पाहावं, अशी तिची सूचना होती. निरीक्षकांनी, साहेब!

आमच्याकडे नियतकालिक चाचणीचे पेपर वरून येतात. तपासायचे मी, गुण ऑनलाइन भरायचे मी, आणि त्याच गुणांवरून झाडाझडतीही माझीच. कमी भरले तर खुलासा मागता. जास्त भरले तर आजवर कुणी एकही पेपर उघडून पाहिला नाही. मग गुण कुठल्या दिशेने सरकतात, हे का मी सांगायचं?

२०१०मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा त्यातल्या वर्णनात्मक नोंदी मला मनापासून पटल्या होत्या. एका मुलीबद्दल मी लिहिलं, 'आईने वेचलेल्या कापसाची मजुरी तोंडी काढते, कागदावर मांडणी चुकते.' त्यावर तुमचा लाल शेरा आला: 'नोंद नमुन्याप्रमाणे नाही.' तेव्हापासून मीही बाजारातल्या तयार नोंदींच्या पुस्तकातून 'समाधानकारक प्रगती' उतरवते. वर्गातल्या सगळ्यांची प्रगती शब्दन् शब्द सारखी, आणि तपासणीत त्याच वहीला 'उत्तम'! त्या मुलीला पुढच्या वर्गात काय शिकवायचं, हे तिच्या नव्या बाईंना त्या 'उत्तम' वहीतून कळणार नाही.

माझ्या वर्गावर या. मुलांना गणितं घाला, पेपर स्वतः तपासा. त्यात मी कमी पडले तर पुढच्या परिषदेत खुशाल बोला, उभी राहून ऐकेन. जिल्ह्याच्या तक्त्यावरून विचाराल, तर यापुढे बसूनच उत्तर देईन.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतली एक सहशिक्षिका