नांव सांपडलें, पूर्वज हरवले

आपल्या कुळाचा मूळपुरुष कोण, तो कोठून आला व काय करून पोट भरीत असे, हें जाणण्याची इच्छा सर्व देशांत आहे. आमच्याकडे ती कुलवृत्तांतांच्या रूपानें प्रगट झाली. इंग्लंडांत तिनें घरोघर चालणाऱ्या संशोधनाचें रूप घेतलें आहे. या संशोधनाच्या साधनांत जुन्या डिरेक्टऱ्यांना मोठा मान आहे. गांवोगांवचे व्यापारी, कारागीर व प्रतिष्ठित रहिवासी यांचीं नांवें, धंदे व पत्ते देणारीं हीं पुस्तकें पूर्वीं मोठ्या ग्रंथालयांच्या कपाटांत असत. आतां लेस्टर विद्यापीठाच्या संग्रहासारख्या उपक्रमांमुळें त्यांतील शेंकडों पुस्तकें घरबसल्या उघडतां येतात. आडनांव टाकावें कीं पान समोर हजर! या सोयीविरुद्ध आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती या सोयीनें लागलेल्या संवयीविरुद्ध. डिरेक्टरी ही वाचण्याची वस्तु आहे. हल्लीं तिच्यांतून नांव तेवढें वेंचून घेतात आणि पुस्तक मिटतात. असल्या वंशशोधानें कुळाचा इतिहास मिळत नाहीं, कुळाचा दिमाख तेवढा मिळतो, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम हीं पुस्तकें कोणीं व कोणासाठीं केलीं तें पाहूं. १६७७ सालीं लंडनच्या व्यापाऱ्यांच्या नांवांची एक लहानशी यादी छापून निघाली. तिला या जातीच्या पुस्तकांची आजी म्हणण्यास हरकत नाहीं. मँचेस्टरची पहिली डिरेक्टरी १७७२ सालीं एलिझाबेथ रॅफल्ड या कर्तबगार बाईनें काढली. ही बाई मिठाईचें दुकान चालवी, आणि तिचें पाकशास्त्रावरील पुस्तक १७६९ सालींच प्रसिद्ध झालें होतें. एकोणिसाव्या शतकांत जेम्स पिगट, शेफील्डचा विल्यम व्हाइट व लंडनचा फ्रेडरिक केली यांनीं हा धंदा काउंटीकाउंटींतून पसरविला. केली हा टपालखात्यांत पत्रें वांटणाऱ्यांवरील मुख्य तपासनीस होता. १८३५-३६ च्या सुमारास त्यानें लंडनची पोस्ट ऑफिस डिरेक्टरी आपल्या हातीं घेतली आणि माहिती गोळा करण्याच्या कामीं टपालवाल्यांनाच जुंपलें. सरकारी नोकरांकडून खासगी नफ्याचें काम करून घेतल्याबद्दल त्याच्यावर टीकाहि झाली. दुकानदाराला गिऱ्हाईक मिळावें, पत्र बरोबर दारीं पोंचावें आणि पुस्तक खपावें, हा या सर्वांचा हेतु. कोणाच्या पणतवंडांसाठीं वंशावळ लिहावी, हा नव्हे. हेतु वाईट नव्हता. पण साक्षीदार कशासाठीं बोलत आहे हें विसरून त्याची साक्ष ग्राह्य धरणें कोणत्याहि न्यायसभेंत चालत नाहीं.

आतां या पुस्तकांत कोण नाहीं तें पाहा. खेड्याच्या पानावर जमीनदार, पाद्री, शेतकरी, गिरणीवाला, लोहार, मद्यगृहाचा मालक, शाळामास्तर अशी मंडळी हारीनें उभी असते. परंतु त्या शेतकऱ्याच्या शेतांत राबणारे मजूर, पाद्र्याच्या स्वयंपाकघरांतील मोलकरीण, लोहाराच्या हाताखालचा उमेदवार, माडीवरचा पोटभाडेकरू आणि बहुतेक सर्व विवाहित स्त्रिया यांचा तेथें मागमूसहि नसतो. रॅफल्डबाईचेंच उदाहरण घ्या. ती नोकरमाणसांना जागा मिळवून देण्याची कचेरीहि चालवीत असे. मँचेस्टरच्या किती मोलकरणींना ती नांवानिशीं ओळखत असेल! तरी तिच्या डिरेक्टरींत स्थान मिळालें तें व्यापारी, कारागीर व प्रतिष्ठित रहिवासी यांना. पुढें आमच्या मुंबईहून साहेबांचीं मुलें सांभाळीत ज्या आया विलायतेस गेल्या, त्यांचीहि तीच गत. साहेब घरचा धनी म्हणून छापला जाई. आयेचें नांव छापण्याचें डिरेक्टरीवाल्यांना प्रयोजनच नव्हतें.

असें असतां, 'डिरेक्टरींत नांव नाहीं, तेव्हां आमचें कूळ त्या गांवचें नव्हेच' असा निकाल देऊन मोकळे होणाऱ्यांना काय म्हणावें? पुस्तक त्या गरीबाविषयीं गप्प राहिलें, एवढेंच सिद्ध झालें. तो तेथें नव्हता, हें सिद्ध झालें नाहीं. इंग्लंडचे बहुसंख्य लोक कष्टकरीच होते. त्यांच्या वंशजांनीं पुस्तकाच्या मौनालाच नकार मानावा, म्हणजे पूर्वजांना जिवंतपणीं कोणीं विचारलें नाहीं आणि मेल्यावर नातवंडांनींहि विचारलें नाहीं, असें झालें.

बरें, नांव सांपडलें तरी काम संपलें असें नाहीं. माहिती गोळा होऊन पुस्तक छापून निघेपर्यंत महिने लोटत. म्हणून मुखपृष्ठावरील साल हें माणसाच्या वास्तव्याचें साल खास नव्हे. नवी आवृत्ति काढतांना जुन्या आवृत्तींतील मजकूर तसाच उतरविण्याची युक्तीहि या धंद्याला अपरिचित नव्हती. बाप वारला आणि त्याच नांवाचा मुलगा त्याच दुकानांत बसला, तर डिरेक्टरीला त्याचें सोयरसुतक नाहीं. ओळ तीच राहते, माणूस मात्र बदललेला असतो. पेढीचें नांव तर संस्थापकाच्या मागें पिढ्यान् पिढ्या चालतें. उलट लंडनसारख्या शहरांत रस्त्यांचीं नांवें व घरांचे क्रमांक बदलत गेले; तेव्हां निराळा क्रमांक दिसला म्हणजे बिऱ्हाड हललेंच, असेंहि म्हणतां येत नाहीं. आणि मुख्य गोष्ट ही कीं, डिरेक्टरी नातें सांगत नाहीं. एका गल्लींत एकाच आडनांवाचे दोन सुतार दिसले कीं त्यांना भाऊ ठरवून वंशवृक्षावर टांगणें, हें संशोधन नव्हे; ही कल्पनेची शेती होय. नातें पाहिजे असेल तर पॅरिशचीं दप्तरें, १८३७ च्या जुलैपासून सुरू झालेली जन्म-विवाह-मृत्यूंची सरकारी नोंद, आणि १८५१ पासूनच्या खानेसुमारींतील घरवार याद्या यांच्याकडेच गेलें पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, 'मग हीं व्यापारी जाहिरातींचीं बाडें फेंकून कां देत नाहीं?' हा दुसऱ्या टोंकाचा अविचार झाला, आणि तोहि आम्हांस मान्य नाहीं. खानेसुमारी दहा वर्षांतून एकदां होते. मधल्या नऊ वर्षांत माणूस दोनदां दिवाळें काढून तिसऱ्यांदा दुकान थाटूं शकतो, आणि त्याचा माग लागला तर या बाडांतच लागतो. इंग्लंड व वेल्स यांच्या १९३१ च्या खानेसुमारीचे कागद १९४२ च्या डिसेंबरांत आगींत जळाले. १९४१ ची खानेसुमारी युद्धामुळें झालीच नाहीं. १९२१ ची खानेसुमारी आणि १९३९ च्या सप्टेंबरांतील युद्धकालीन नोंदवही यांच्यामध्यें जी दरी पडली आहे, तिच्यावर टाकण्यासारख्या फळ्या फार थोड्या, आणि डिरेक्टऱ्या ही त्यांतलीच एक. खानेसुमारींत स्त्रियांच्या धंद्याचा रकाना पुष्कळदां कोराच राही. डिरेक्टरींत मात्र टोप्या करणाऱ्या, शाळा चालविणाऱ्या, नवऱ्यामागें खाटिकखाना वा मद्यगृह संभाळणाऱ्या बाया आपल्या नांवानें उभ्या असतात. जेन नॉर्टन या विदुषीनें लंडनखेरीज इंग्लंड व वेल्सच्या १८५६ पूर्वींच्या डिरेक्टऱ्यांची चिकित्सक सूची १९५० सालीं प्रसिद्ध केली, ती उगाच नव्हे.

तात्पर्य, दोष पुस्तकाचा नाहीं, वाचण्याच्या रीतीचा आहे. नांवाच्या ओळीबरोबर गांवचें पान वाचावें. व्हाइटच्या किंवा केलीच्या काउंटी डिरेक्टरींत प्रत्येक पॅरिशचें वर्णन आरंभीं दिलेलें असतें: वस्ती किती, जमीन कोणाच्या मालकीची, माती कसली, पिकें कोणतीं, चर्च व इतर पंथांचीं प्रार्थनामंदिरें कोणतीं, शाळा कोठें, टपाल केव्हां येतें. माल व उतारू नेणारे गाडीवान कोणत्या वारीं कोणत्या बाजारपेठेच्या गांवीं जातात आणि तेथें कोणत्या पथिकगृहाशीं गाडी सोडतात, हेंहि पुष्कळदां लिहिलेलें असतें. ज्याचा पूर्वज शेतमजूर होता आणि म्हणून ज्याला आपलें नांव येथें कधींच सांपडणार नाहीं, त्याच्या उपयोगाचा मजकूर हाच! जमीनदाराचें नांव कळलें कीं त्या इस्टेटीचीं दप्तरें काउंटीच्या अभिलेखागारांत आहेत काय तें पाहतां येतें, आणि मजुरीच्या हिशेबांत कदाचित् तोच पूर्वज भेटतो. प्रार्थनामंदिर कळलें कीं चर्चच्या वहींत न मिळालेला बाप्तिस्मा दुसऱ्या पंथाच्या वहींत शोधतां येतो. गाडीवानाचा रस्ता कळला कीं आजोबांना सोयरीक कोणत्या गांवीं जुळली असेल, याचा अदमास बांधतां येतो. ज्या पुस्तकानें त्या मजुराला दारांत उभें केलें नाहीं, तेंच पुस्तक अशा रीतीनें त्याचें दार दाखवितें. मात्र त्यासाठीं आडनांवाचा हट्ट सोडून गांव वाचण्याची तयारी पाहिजे.

म्हणून आमचें सांगणें दोघांना आहे. जे हीं पुस्तकें नव्यानें छापतात किंवा चित्ररूपानें लोकांपुढें ठेवतात, त्यांनीं प्रस्तावना, गांववर्णनें व जाहिराती गाळूं नयेत. फक्त नांवांची सूची विकणें म्हणजे साल फेकून दिली असें समजून गरच फेकण्यासारखें आहे. आणि जे शोध करतात, त्यांनीं प्रत्येक नांवापुढें पुस्तक, आवृत्ति व साल लिहावें, मागची व पुढची आवृत्ति ताडून पाहावी, आणि दुसरा पुरावा हातीं येईपर्यंत नात्याचा उच्चार करूं नये. इतकी शिस्त पाळण्यास कंटाळा येत असेल, तर चार पैसे खर्चून एकादें बनावट कुलचिन्ह विकत घ्यावें आणि दिवाणखान्यांत लावावें. दिमाखाची हौस त्यानेंहि भागते; शिवाय त्या प्रकारांत परक्याच्या बापाला आपला आजा म्हणण्याची वेळ येत नाहीं.