टायरला सूत दिसेपर्यंत

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय टायरचा आहे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलेल्या मास्तराने मोटारसायकलच्या टायरवर लिहावं याचं नातेवाइकांना हसू येईल. येऊ द्या. पुतण्याने हे वाचलं तर तो हसणार नाही, चिडेल. त्याच्यासाठीच लिहितो आहे.

झालं असं, की परवा सकाळी पुतण्याचा मुलगा आला. कार्तिकी एकादशी झाली की त्याला बायकोला घेऊन बुलेटवर नर्मदा परिक्रमेला जायचं आहे. बऱ्हाणपूर-खंडव्यावरून ओंकारेश्वर, तिथून बडवानी, शहादा, अंकलेश्वर, मग उत्तर तटाने अमरकंटक आणि दक्षिण तटाने परत. सगळे मिळून तीन-साडेतीन हजार किलोमीटर. हौस चांगली आहे. आमच्या वेळी वरणगावातून कुणी परिक्रमेला निघालं की लोक वेशीपर्यंत पोचवायला जायचे, माणूस परत येईल की नाही याची खात्री नसायची. आता ही पोरं तीन आठवड्यांत जाऊन येतात.

तर त्याने विचारलं, "आजोबा, कोणता टायर सगळ्यात जास्त किलोमीटर चालतो?" एक दुकानदार एकाचं नाव सांगतो, दुसरा दुसऱ्याचं. मित्र म्हणतात, रुंद टाक, बटनाचे टाक, फोटोत भारी दिसतात. आणि त्याचा बाप, म्हणजे माझा पुतण्या, म्हणतो की टायर बदलायचाच कशाला, अजून वर्षभर काढेल.

माझं पहिलं भांडण या प्रश्नाशीच आहे. जरा हिशोब करा. प्रवास साडेतीन हजार किलोमीटरचा. बरा म्हणावा असा कुठलाही नवा टायर एवढं अंतर सहज जातो आणि परत आल्यावरही त्याच्यावर भरपूर नक्षी शिल्लक असते. मग परिक्रमेसाठी "सगळ्यात जास्त टिकणारा" कशाला हवा? तो हवा असतो परत आल्यावर तीन वर्षं भुसावळला जा-ये करायला. म्हणजे आपण प्रवासाचं नाव घेऊन काटकसरीचा टायर निवडतो. हे स्वतःशी कबूल केलं तरी अर्धं काम झालं.

टायर जास्त का टिकतो? त्याचं रबर कठीण असतं म्हणून. यात जादू नाही. कठीण रबर हळू झिजतं, पण ओल्या रस्त्याला कमी धरतं. मऊ रबर रस्त्याला चिकटून राहतं आणि लवकर संपतं. कारखानदार या दोहोंमध्ये कुठेतरी मेळ घालतो. काही टायरांना मधल्या पट्ट्यात कठीण आणि दोन्ही कडांना मऊ असं दोन प्रकारचं रबर लावतात, कारण सरळ रस्त्यावर गाडी मधल्या पट्ट्यावर चालते आणि वळणावर कडांवर झुकते. लांबच्या प्रवासाला मला हे पटतं. आपल्या महामार्गावर सरळ चालून चालून टायर मधोमध पाटासारखा सपाट होतो, आणि मग सातपुड्याच्या घाटात वळण घेताना गाडी एकदम आडवी पडल्यासारखी वाटते. ते होतं टायरमुळे, लोक शिव्या देतात रस्त्याला. (रस्त्यालाही द्याव्यात, पण त्या वेगळ्या कारणासाठी.)

आता मी कोणत्या अधिकाराने बोलतो ते सांगतो.

१९८९ साली पतपेढीचं कर्ज काढून मी हीरो होंडा घेतली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी त्या गाडीची जाहिरात असायची. मी टायरही विसरलो. नक्षी गेली, टायरचा पार गोटा झाला, तरी मी म्हणायचो, सूत दिसल्याशिवाय टायर बदलायचा नाही. सूत म्हणजे रबर झिजल्यावर आतून दिसायला लागतात ते धागे. हे वाक्य मी अभिमानाने म्हणायचो, घरातल्या पोरांसमोर, वर्गात, कुठेही. काटकसर शिकवतो आहे असं वाटायचं.

१९९८ च्या जूनमध्ये मुक्ताईनगरहून परत येत होतो. मागे सौ. होती. हरताळे फाट्याच्या आसपास पावसाचे पहिले चार थेंब पडले. पहिला पाऊस सगळ्यात वाईट. रस्त्यावर वर्षभराचं तेल आणि धूळ साचलेली असते, त्यात थोडंसंच पाणी पडलं की साबण होतो. समोर एक बैलगाडी वळली, मी ब्रेक दाबला आणि मागचं चाक बाजूला निघून गेलं. वेग तीसचासुद्धा नसेल. मला खरचटलं. सौ.चं उजवं मनगट मोडलं. भुसावळला प्लास्टर घातलं, ते हाड नीट बसलं नाही. आजही थंडीत कळण्याची भाकरी थापताना ती मध्येच थांबते, हात झटकते आणि पुन्हा थापायला लागते.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की पाऊस होता, बैलगाडी आडवी आली. टायरचं कधी बोललो नाही. बैलगाडीवाल्याची काहीही चूक नव्हती.

त्यामुळे परवा पुतण्याला म्हटलं, "अरे, पोरगा सून घेऊन चाललाय, टायर बदल." तर तो म्हणाला, "काका, सूत दिसल्याशिवाय टायर बदलायचा नाही, हे तुम्हीच शिकवलं ना?" मी गप्प बसलो. तिथे गप्प बसलो म्हणूनच इथे लिहितो आहे.

बरं, याचं टायर तर गोटाही झालेलं नाही. नक्षी चांगली दिसते, कारण गाडी कमी चालली. पण कडेला बारीक भेगा पडल्या आहेत. रबर उन्हाने आणि हवेने आपोआप म्हातारं होतं, न चालवताही. म्हातारं रबर कडक होतं आणि त्याची पकड जाते. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. १८२३ असं लिहिलं असेल तर तो २०२३ च्या अठराव्या आठवड्यात बनला. इतिहासाच्या मास्तराला १८२३ म्हटलं की पेशवाई बुडून पाच वर्षं झाली होती हे आठवतं, पण इथे अर्थ वेगळा आहे! औषधाच्या बाटलीवरची तारीख आपण डोळे बारीक करकरून वाचतो, टायरवरची कुणी वाचत नाही. नव्या म्हणून विकलेल्या टायरवरही ती वाचावी. माळ्यावर चार वर्षं पडलेला टायर काळं पॉलिश मारलं की कालच आल्यासारखा चकचकतो.

त्याच्याच शेजारी एक आकडा आणि एक इंग्रजी अक्षर असतं. आकडा वजनाचा. ४८ म्हणजे १८० किलो, ५५ म्हणजे २१८ किलो, एवढा भार तो टायर पेलतो. अक्षर वेगाचं, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत. वेगाचं अक्षर पोरं पाठ करतात, वजनाचा आकडा कुणी पाहत नाही. मागे बायको, दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या, वर तंबू. हे सगळं मागच्या चाकावर येतं. गाडीच्या पुस्तकात जे माप आणि जो आकडा दिला आहे त्याच्या खाली जायचं नाही, आणि शोभेसाठी रुंद टायरही टाकायचा नाही. अरुंद रिंगवर रुंद टायर बसवला की तो चिमटल्यासारखा होतो, त्याचा आकार बिघडतो. बटनाचा टायर चिखलासाठी असतो. डांबरावर तो आवाज करतो आणि भराभर संपतो. म्हणजे ज्याला टिकाऊ टायर हवा होता त्यानेच फोटोसाठी सगळ्यात कमी टिकणारा घेतला!

हवेबद्दल तर आपल्या खान्देशात एक अंधश्रद्धाच आहे. वैशाखात भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, म्हणून लोक उन्हाळ्यात हवा कमी ठेवतात. हवा फुगून टायर फुटेल म्हणतात. साधं गणित आहे, मी शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून तपासून घेतलं होतं. २५ अंशांना भरलेली २८ पौंड हवा ४५ अंशांना साधारण ३१ होते. एवढी वाढ टायर बनवणाऱ्याने गृहीत धरलेली असते. उलट हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडतात आणि उलगडतात, त्या दुमडण्यानेच तो आतून तापतो, आणि मग फुटतो. टायर लवकर झिजण्याचं मोठं कारणही हेच. महागातला महाग टिकाऊ टायर घ्या आणि हवा कमी ठेवा, पैसे गेले म्हणून समजा. सकाळी गार टायरमध्ये, पुस्तकात दोन माणसांसाठी लिहिलेली हवा भरा, बस्स. आणि ते नायट्रोजनचं खूळ! साध्या हवेत शंभरातले ७८ भाग नायट्रोजनच असतो.

सरकारलाही एक विचारायचं आहे. २०२२ मध्ये केंद्राने मोटारी, बस आणि ट्रकच्या टायरांसाठी ओल्या रस्त्यावरच्या पकडीचे नियम काढले. त्यात दुचाकी नाही. आणि त्याच २०२२ च्या सरकारी आकडेवारीत रस्त्यावर मेलेल्या दर शंभरातले ४४ जण दुचाकीवरचे होते. अमेरिकेत मोटारीच्या टायरवर तो किती टिकेल याचा एक आकडा छापावा लागतो, पण मोटारसायकलच्या टायरला तिथेही तो नाही. मग गिऱ्हाईक विचारणार कुणाला? दुकानदाराला. दुकानदार ज्यात चार पैसे सुटतात त्याचं नाव सांगणार, त्यात त्याला दोष नाही.

माझ्या एका स्नेह्याचं म्हणणं आहे, की सर, ज्याला परवडत नाही त्याने काय करायचं? रावेर-सावद्याकडे केळी कापायला जाणारा मजूर गोटा टायरवर डबलसीट जातो, ते हौस म्हणून नाही. खरं आहे. त्याच्याशी माझं भांडण नाही, त्याला उपदेश करायची माझी लायकीही नाही. आणि चांगला टायर दर वर्षी फेकून द्या असंही मी म्हणत नाही. खोबणीच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की बदला, तोवर खुशाल वापरा. पण ज्याच्या गाडीवर जादा दिवे लागले, हेल्मेटवर कॅमेरा आला, त्याने टायरच्या तीन-चार हजारांसाठी काटकसर आठवू नये. आणि त्या काटकसरीला माझं नाव तर मुळीच देऊ नये.

पोराने माझं अर्धं ऐकलं. मागचा टायर नवा टाकला, दोन रबरांचा, योग्य मापाचा, यंदाच्याच तारखेचा. नवा टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो म्हणून निघायच्या आधीच त्याला जळगाव-पाचोरा फिरून यायला सांगितलं आहे. पुढचा मात्र बापाने बदलू दिला नाही. त्यावरचे शेवटचे दोन आकडे १८ आहेत, मी वाकून वाचले. उद्या सकाळी त्यांच्याकडे चाललो आहे. सौ.ला बरोबर नेतो आहे. मनगटाची गोष्ट या वेळी तिनेच सांगावी, बैलगाडी वगळून.