अठाईला वरघोडा, वैयावृत्याला काय?

पर्युषणात अठाई करणाऱ्या सुनेला साता विचारायला रांग लागते. सांजी होते, वरघोडा निघतो. व्हावंच. पण उपवास हे बाह्य तप. सहा आभ्यंतर तपांत तिसरं आहे वैयावृत्य, म्हणजे सेवा. अंथरुणाला खिळलेल्या सासूची दर दोन तासांनी कूस बदलणारी सून आपल्याला तपस्वी का वाटत नाही? तिला आपण दारातूनच ऐकवतो, "पुण्य कमावतेस गं!" वर सल्ला : रोज देरासरला ये, मन प्रसन्न राहील. येणार कशी? सासूबाईंपाशी कोण बसणार? (नणंदा चहा घेऊन परत जातात.) तिला कौतुक नको, एका सामायिकाची 48 मिनिटं हवीत. मंडळाने त्यासाठी पाळ्यांची वही काढावी. पहिलं नाव माझं लिहा, मंगळवार दुपार.