एहसास आणि एहसान

कंडक्टर म्हटलं की आपल्या सिंधुदुर्गात एस.टी.चा कंडक्टरच डोळ्यांसमोर येतो. दुसरा एक कंडक्टर असतो, तो हातात बारीक काठी घेऊन शंभर वादकांसमोर उभा राहतो. सगळ्यात जास्त टाळ्या त्याला मिळतात, पण स्वतः तो एकही सूर वाजवत नाही. व्हायोलिनने कधी थांबायचं, बासरीने कधी शिरायचं, आवाज कुठे चढवायचा, हे सगळं तो हातांनी सांगतो. आपल्या बँडमास्तरचंच काम, पण पसारा फार मोठा. या कामात आपल्या मुंबईचा एक माणूस जगाच्या पहिल्या रांगेत जाऊन बसला. त्यांचं नाव झुबिन मेहता.

29 एप्रिल 1936 रोजी मुंबईच्या एका पारशी घरात त्यांचा जन्म झाला. वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवत. त्यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा सुरू केला होता. मुलाने डॉक्टर व्हावं म्हणून त्याला त्या वाटेला लावलं, पण अठराव्या वर्षी, 1954 मध्ये, तो ते सोडून व्हिएन्नाला संगीत शिकायला गेला. 1958 मध्ये लिव्हरपूलची कंडक्टरांची स्पर्धा जिंकली. मग मॉन्ट्रियल, लॉस एंजलिस आणि 1978 ते 1991 न्यूयॉर्क फिलहार्मोनिक. भारत सरकारने 1966 मध्ये पद्मभूषण आणि 2001 मध्ये पद्मविभूषण दिलं. सारं आयुष्य परदेशात काढूनही त्यांनी भारताचं नागरिकत्व सोडलं नाही.

एवढं सांगितलं की आपल्या लोकांकडून एक वाक्य हमखास येतं, 'तो तर इस्रायलचा माणूस.' हे वाक्य हवेतून आलेलं नाही. 1969 पासून 2019 पर्यंत, तब्बल पन्नास वर्षं, ते इस्रायल फिलहार्मोनिकशी जोडलेले होते. 1967 च्या युद्धात आणि 1991 च्या आखाती युद्धातही ते तिथे धावून गेले. पॅलेस्टाईनचं दुःख ज्यांच्या मनात आहे त्यांना हे खुपणारच, मलाही खुपतं. पण त्याच माणसाने नाझरेथ आणि शफरम इथल्या अरब मुलांच्या संगीतशिक्षणाच्या उपक्रमाला बळ दिलं, हेही खरं आहे. म्हणून त्यांना एका वाक्यात निकालात काढण्यापेक्षा त्यांच्या दोन मैफली शेजारी ठेवून पाहाव्यात, असं मला वाटतं.

पहिली मैफल साराएवोची. बोस्नियाची ही राजधानी 1992 पासून वेढ्यात होती. त्या ऑगस्टमध्ये तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयावर तोफा डागल्या गेल्या आणि लाखो पुस्तकं जळाली. जून 1994 मध्ये, वेढा चालू असतानाच, मेहता त्या जळक्या इमारतीत उभे राहिले आणि मोझार्टचं 'रेक्विएम', म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, सादर केली. मुख्य गायक बाहेरून आले होते, पण वादक साराएवोचे होते आणि समूहगायकही साराएवोचेच. ज्या शहराची माणसं मेली होती तेच शहर आपला शोक वाजवत होतं. मेहतांनी फक्त हात दिला.

दुसरी मैफल श्रीनगरची, 7 सप्टेंबर 2013. ठिकाण शालिमार बाग. पुढाकार जर्मन दूतावासाचा, वाद्यवृंद म्युनिकचा. काश्मिरी वादकांनाही त्यात जागा होती, बेथोव्हेन होता, दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण होतं. पण बागेत शिरायला निमंत्रणपत्रिका लागत होती. बाहेर कडक पहारा आणि शहरात बंद. त्याच दिवशी शोपियानमध्ये गोळीबारात तरुण मारले गेले. मैफलीचं नाव होतं 'एहसास-ए-काश्मीर'. तिला उत्तर म्हणून श्रीनगरमधल्याच काही लोकांनी वेगळा कार्यक्रम ठेवला, 'हकीकत-ए-काश्मीर'.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे ही नावं माझ्या मनात अडकून राहिली. उर्दूत 'एहसास' आणि 'एहसान' यांत फक्त शेवटचं अक्षर वेगळं आहे. एकात सीन, दुसऱ्यात नून. एहसास म्हणजे जाणीव, एहसान म्हणजे उपकार. लिहिताना मुलं हमखास चुकतात, आणि मोठी माणसं वागताना. ज्याच्या दुःखासाठी कार्यक्रम आहे तोच फाटकाबाहेर राहिला, की एहसासचा एहसान होतो. आतलं संगीत कितीही उत्तम असो.

मेहतांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पुढच्या वेळी स्टेडियममध्ये, सगळ्यांसाठी वाजवू, असं तेही बोलले होते. म्हणजे फाटकाचा प्रश्न त्यांनाही जाणवला होता. पण कंडक्टरची काठी फाटकापर्यंत पोचत नाही. तिथे कुणाला आत घ्यायचं हे दुसरेच ठरवतात. म्हणून मोठ्या कलाकाराने सूर लावण्याआधी विचारायला हवं की दार कुणासाठी उघडं आहे. एवढं विचारण्याचं वजन त्यांच्या नावाला नक्कीच होतं.

हा प्रश्न श्रीनगरपुरता नाही. आपल्या तालुक्याच्या गावीही सलोख्याचे कार्यक्रम होतात. मंचावर पुढारी, पहिल्या रांगेत साहेब लोक, आणि ज्या मोहल्ल्यासाठी हे सगळं, तो मागच्या खुर्च्यांवर. आणि फक्त इतरांना बोलून चालणार नाही. आपण सीरतच्या कार्यक्रमाला किंवा इफ्तारला हिंदू शेजाऱ्यांना बोलावतो, गुलाब देतो, शाल घालतो आणि तासभर आपलंच ऐकवतो. त्यांच्या मनात काय आहे हे विचारायला माईक कधी त्यांच्याकडे जातो का? आपल्या घरातल्या बायकांकडे तरी जातो का?

कोकणात याचं उत्तर फार जुनं आहे. जत्रेतल्या दशावताराला पास लागत नाही. जो येतो तो जागा धरतो, रात्रभर बसतो, न पटलं तर तोंडावर बोलूनही दाखवतो. सलोखा तिथे जाहीर करावा लागत नाही, कारण दारावर कुणी उभं नसतं.

वाचकहो, यंदा तुमच्या गावात असा कार्यक्रम ठरेल तेव्हा वक्ता कोण, हे शेवटी ठरवा. आधी ज्यांच्यासाठी तो आहे त्यांच्या घरी जा आणि त्यांना काय ऐकायचंय, काय सांगायचंय ते विचारा. पत्रिका त्यानंतर छापा.