भिकू नव्हे, सत्या!

परवा शनिवारी इथे मिशिगनमध्ये एका मराठी मित्राकडे जेवायला जमलो होतो. पिठलं-भाकरी झाली, पोरं खाली बेसमेंटमध्ये पळाली आणि नेहमीप्रमाणे गप्पांची गाडी 'सत्या'वर आली. नेहमीप्रमाणे एकाने हात पसरून, समुद्राकडे (म्हणजे इथे फ्रिजकडे) तोंड करून भिकू म्हात्रेची आरोळी ठोकली. टाळ्या पडल्या. मग दुसरा नेहमीचं वाक्य बोललाच, "मनोज बाजपेयीने पिक्चर खाऊन टाकला रे! तो हीरो म्हणजे नुसता ठोकळा."

हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकतोय. खोटं कशाला बोलू, पूर्वी मीही म्हणायचो. पण हे साफ चूक आहे.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे कोणी अंगावर येणार नाही. बाजपेयी थोरच आहे. ३ जुलै १९९८ ला रामगोपाल वर्माचा हा सिनेमा आला आणि बिहारमधून आलेला हा माणूस बघता बघता आपला म्हात्रे होऊन गेला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो सहायक अभिनेत्याचा. माझा मित्र त्यावर अजून चिडतो. मला विचाराल तर परीक्षकांनी अचूक ओळखलं. भिकू कितीही मोठा वाटला तरी सिनेमा सत्याचा आहे, आणि तो जे. डी. चक्रवर्तीने पेलला आहे.

आता मला सांगा, या सिनेमात भीती कोणाची वाटते? भिकू ओरडतो, शिव्या घालतो, बायकोशी भांडतो आणि पुढच्या क्षणी तिच्या गळ्यात पडतो. त्याचं सगळं चेहऱ्यावर दिसतं. पण पोलीस कमिशनरलाच उडवायचं ही कल्पना कोणाची? सत्याची. आवाजही न चढवता तो ती मांडतो. थिएटरात पोलिसांनी दारं अडवल्यावर जमिनीवर गोळी झाडून चेंगराचेंगरी कोण घडवतो? सत्याच. साधी, सिनेमा बघायला आलेली माणसं त्यात मरतात. हाच माणूस शेजारच्या विद्यासमोर (उर्मिला मातोंडकर) लाजून उभा राहतो. हे दोन्ही एकाच कोऱ्या चेहऱ्यात बसवणं ठोकळ्याचं काम नव्हे.

कोणी म्हणेल, लेखकांनीच त्याला गप्प ठेवलाय, त्यात नटाचं काय? मग सत्याच्या जागी दुसरा एखादा गर्जना करणारा नट ठेवून बघा. एका खोलीत दोन भिकू! दहा मिनिटांत डोकं उठेल. भिकूचं ओरडणं भिडतं, कारण समोर ते झेलणारं कोणीतरी आहे. प्यारी झालेली शेफाली शाह ते परतवून लावते आणि सत्या गिळतो. गाण्यांमध्ये चक्रवर्ती अवघडलेला दिसतो, हे मात्र मान्य.

माझं मत बदललं ते इथे आल्यावर. सिनेमा मी पुण्यात पाहिला होता आणि पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, इथे नोकरीला आलो. पहिल्या वर्षाच्या शेवटी साहेबाने माझ्या कामाबद्दल लिहिलं, "काम उत्तम, पण बैठकीत बोलत नाही." पगारवाढ निम्मी झाली. अहो, मी बोलत नव्हतो कारण मी बघत होतो! कोण कोणाला घाबरतो, कुठे हसायचं असतं, कुठला विनोद आपल्यावर आहे. नवा माणूस आधी हेच करतो. त्या हिवाळ्यात 'सत्या'ची कॅसेट पुन्हा लावली आणि पहिल्यांदा माझं लक्ष भिकूवरून हटलं. मी काही कोणाला वस्तरा मारला नाही, पण ते गप्प बसणं मला ओळखीचं होतं. मुंबईत उतरलेल्या या माणसाला आडनाव नाही. तो कुठून आला ते सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही आणि शहर त्याला विचारतही नाही.

म्हणून मला त्या टाळ्यांचा राग येतो. जो मोठ्याने बोलतो तोच खरा, ही आपली जुनी खोड आहे. ऑफिसात तेच, राजकारणात तेच, पडद्यावरही तेच. त्या भरात आपण हेही विसरतो की राजा म्हणवणाऱ्या भिकूला शेवटी त्याचाच भाऊ ऐन जल्लोषात डोक्यात गोळी घालतो. हिशेब चुकता करतो तो सत्या, गणपती विसर्जनाच्या गर्दीत. आणि मग विद्याच्या दाराशी येतो, तर ती दार उघडत नाही. हे पाहूनही आपण घरी येऊन नक्कल करतो ती भिकूची!

जानेवारी २०२५ मध्ये 'सत्या' तिकडे पुन्हा थिएटरात लागला होता. तेव्हाही तुमच्यापैकी अनेकांनी त्या आरोळीला शिट्ट्या मारल्या असतील. मारा, हरकत नाही. पण पुढच्या वेळी तो समुद्राकाठचा प्रसंग आला की एकदा भिकूकडे बघू नका. त्याच्याबरोबर जो गप्प उभा आहे ना, त्याच्याकडे बघा. मग मला सांगा ठोकळा कोण ते.

असो. मित्राला हे सगळं ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, "तू हल्ली फार बोलतोस." चला, साहेबाची तक्रार तरी मिटली!