विवाह दोघांचा, अर्ज एकाचा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 21 जून 2024 रोजी दिलेला एक निकाल परदेशस्थ वरांच्या शोधात असलेल्या भारतीय कुटुंबांनी मुळातून समजून घ्यावा असा आहे. ‘डिपार्टमेंट ऑफ स्टेट विरुद्ध मुन्योस’ या खटल्यातील वादी स्त्री अमेरिकी नागरिक होती आणि तिचा पती एल साल्वादोरचा. वकिलातीने पतीला व्हिसा नाकारला आणि कारण म्हणून कायद्यातील एका कलमाकडे बोट दाखविले. विवाहाचा हक्क मूलभूत असेल, तर पतीसह स्वदेशी राहण्याचा हक्कही त्यात अंतर्भूत असला पाहिजे, असे पत्नीचे म्हणणे होते. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी ते फेटाळले. नागरिकाला विवाहाचा हक्क आहे. परंतु परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळालाच पाहिजे असा मूलभूत हक्क त्यातून निष्पन्न होत नाही, हा या निकालाचा सारांश होय.

तत्त्व जुनेच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर एका अमेरिकी माजी सैनिकाची जर्मनीहून आलेली पत्नी एलिस बेटावर अडकवून ठेवण्यात आली. कारण गुप्त ठेवले गेले, आणि 1950 साली त्याच न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. कोणाला देशात घ्यावे हा शासनाचा अधिकार, आणि त्याची छाननी न्यायालयाने सहसा करू नये, ही भूमिका तेव्हापासून आजतागायत टिकून आहे.

कावेरीच्या खोऱ्यातील आमच्या तंजावरात काय किंवा पुण्या-नाशकात काय, विवाहानंतरचे ‘ग्रीन कार्ड’ ही पतिपत्नींनी मिळून करावयाची वाटचाल मानली जाते. अमेरिकेच्या कायद्याला मात्र तेथे जोडपे दिसत नाही. त्याला एक याचिकाकर्ता आणि एक लाभार्थी दिसतो. ‘आय-130’ ही याचिका नागरिक किंवा कायम रहिवासी असलेला जोडीदार करतो, आणि तो ती मागेही घेऊ शकतो. विवाह दोघांचा असला तरी अर्ज एकाचा असतो. या रचनेतून निर्माण होणारी विषमता हा केवळ अमेरिकेचा प्रश्न आहे असे मानून आपली राज्यसंस्था स्वस्थ बसली आहे, आणि माझा आक्षेप नेमका तेथेच आहे.

प्रथम रचना पाहू. जोडीदार अमेरिकी नागरिक असेल, तर वार्षिक संख्येची मर्यादा लागू होत नाही. तो ग्रीन कार्डधारक असेल, तर पत्नी ‘एफ-2ए’ या वर्गात मोडते आणि तिला रांगेत उभे राहावे लागते. वर ‘एच-1बी’ व्हिसावर असेल, तर पत्नी ‘एच-4’वर त्याच्यासोबत जाऊ शकते, परंतु तिचे कायम वास्तव्य त्याच्या नोकरीच्या रांगेला बांधलेले राहते. नोकरीवर आधारित कार्डे वर्षाला सुमारे 1,40,000. कोणत्याही एका देशाला त्यांतील 7 टक्के, म्हणजे साधारण 9,800. इतरांच्या वाट्याची उरलेली काही कार्डे भारतीयांना मिळतात, हे खरे. पण याच संख्येत पत्नी आणि मुलेही मोजली जातात. भारतीयांची रांग कित्येक वर्षांची झाली आहे, ती या गणितामुळे.

या रचनेत विवाहाच्या तारखेला विलक्षण महत्त्व येते. वराला ग्रीन कार्ड मिळण्यापूर्वी विवाह झाला असेल, तर पत्नी त्याच्या मूळ अर्जाच्या आधारे मागाहून जाऊ शकते. कार्ड मिळाल्यानंतर विवाह झाला, तर नवी याचिका आणि नवी रांग. आणि ‘एच-4’ची वाटही बंद, कारण वर आता ‘एच-1बी’वर राहिलेला नसतो. कार्डधारक स्थळ अधिक ‘स्थिर’ म्हणून पसंत करणाऱ्या वधूपित्याला हे सहसा कोणी सांगत नाही. पंचांगातील मुहूर्त काळजीपूर्वक पाहणारी घरे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या मासिक ‘व्हिसा बुलेटिन’वर मात्र दृष्टिक्षेपही टाकत नाहीत.

यानंतर प्रश्न येतो पुराव्याचा. विवाह कायदेशीर आहे एवढे सिद्ध करून भागत नाही. तो खरा आहे, केवळ वास्तव्याच्या परवान्यासाठी केलेला नाही, हेही दाखवावे लागते. एकत्र बँक खाते, घराचा संयुक्त भाडेकरार, विम्यातील नामनिर्देशन, छायाचित्रे, प्रवासाची तिकिटे अशी कागदपत्रे अधिकारी पाहतो. संशय आल्यास दोघांना वेगवेगळे बसवून तेच प्रश्न विचारतो. कार्ड मिळते वेळी विवाहाला दोन वर्षे झाली नसतील, तर कार्ड सशर्त आणि दोन वर्षांपुरते असते. मुदत संपण्यापूर्वीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून ‘आय-751’ हा अर्ज करावयाचा असतो. ही अट 1986 च्या कायद्याने आली. असे सुमारे 30 टक्के विवाह संशयास्पद असावेत, असे त्यापूर्वी सिनेटच्या समितीपुढे सांगण्यात आले होते. ज्या पाहणीवर हा आकडा आधारलेला होता, ती संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरत नसल्याचे पुढे एका खटल्यात उघड झाले. आकडा गेला, कायदा मात्र राहिला. धोरण आखताना एखादा सैल आकडा किती दूरवर परिणाम करतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

राज्यसंस्थेने विवाहाचा पुरावा मागावा आणि न्यायालयाने हात आखडता घ्यावा, ही गोष्ट तंजावरला नवी नाही. 1855 साली येथील अखेरचे भोसले राजे, दुसरे शिवाजी, पुरुष वारसाविना निवर्तले. कंपनी सरकारने राज्याबरोबर राजांची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि त्या जिंकल्याही. परंतु 1859 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हे शासनाचे सार्वभौम कृत्य असून त्याची चौकशी करण्याचा न्यायालयांना अधिकार नाही, असा निर्णय दिला. पुढे 1862 साली सरकारने आपण होऊन ती मालमत्ता राण्यांना परत केली. जे हक्क म्हणून मिळाले नाही, ते मेहरबानी म्हणून मिळाले. मुन्योस निकाल वाचताना त्या निर्णयाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे: विषय निराळा, काळ निराळा, पण न्यायालयाने दार लावून घेण्याची रीत तीच.

त्या मालमत्तेचा वाद तेथे संपला नाही. राण्यांच्या पश्चात वारसांचे दावे उभे राहिले आणि 1920 च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयात कोल्हापूरच्या महाराजांसह अनेकांचे हक्क तपासले गेले. त्यात एक प्रश्न होता राजाशी खड्गाच्या विधीने जोडल्या गेलेल्या स्त्रियांचा: त्या विवाहित पत्नी मानावयाच्या की नाही? ज्यांचे आयुष्य त्या नात्यात गेले, त्या नात्याला नाव देण्याचा अधिकार अनेक दशकांनंतर न्यायासनाकडे गेला.

याच प्रदेशातील दुसरे उदाहरण अधिक आशादायक आहे. पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांच्या स्वाभिमान चळवळीतील विवाह पुरोहित आणि सप्तपदीवाचून लागत. 1950 च्या दशकात न्यायालयाने असा विवाह अवैध ठरविला, आणि असंख्य जोडप्यांच्या नात्यावर प्रश्नचिन्ह लागले. अण्णादुराई यांच्या सरकारने 1967 साली हिंदू विवाह कायद्यात कलम 7-अ घालून तो प्रश्न मिटविला. नातेवाईक किंवा मित्रांच्या साक्षीने एकमेकांचा स्वीकार जाहीर करणे, हार किंवा अंगठी घालणे अथवा ताळी बांधणे, एवढे पुरेसे ठरले. आधी झालेल्या विवाहांनाही त्याचे संरक्षण मिळाले. विवाहासाठी काय पुरेसे आहे हे कायद्याने आधीच स्पष्ट सांगितले, की अधिकाऱ्याची मर्जी आणि जोडप्याची धाकधूक दोन्ही कमी होतात, हा त्यातील धडा आहे.

आता आपल्या बाजूच्या कागदांकडे वळू. तमिळनाडूत 2009 च्या कायद्याने प्रत्येक विवाहाची 90 दिवसांच्या आत नोंदणी बंधनकारक आहे. महाराष्ट्रात 1998 चा कायदा आहे. सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली दिले. तथापि नोंदणी कार्यालयात विवाह नोंदविला जाणे आणि परदेशी अधिकाऱ्याला तो निःसंदिग्धपणे कळणे, यांत अंतर आहे. तमिळ प्रदेशात आडनावाची प्रथा नाही. पित्याच्या नावाचे आद्याक्षर लावले जाते. येथील मराठी कुटुंबांतही अनेकांनी तीच रीत उचलली आहे. पारपत्रात आडनावाचा रकाना रिकामा राहिला, की अमेरिकी व्हिसावर सबंध नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘नाव अज्ञात’, अशी अक्षरे उमटतात. महाराष्ट्रातील अडचण निराळी: विवाहानंतर मधले नाव आणि आडनाव बदलते, काही घरांत नावही बदलते, जन्मदाखला एका नावाचा, पदवी दुसऱ्या नावाची, पारपत्र तिसऱ्याच नावाचे. गुन्हेगारी नोंद नसल्याचा दाखला तिरुचिरापल्लीच्या पारपत्र कार्यालयातून मिळतो; पण तोही ज्या नावाने मागितला, त्याच नावाने मिळतो. मुंबईतील अमेरिकी वकिलातीत मुलाखतीसाठी बसलेल्या स्त्रीला ही तिन्ही नावे आपलीच असल्याचे पटवून द्यावे लागते.

शिवाय पुराव्याची ती यादी विभक्त, पगारदार संसाराच्या मापाने बेतलेली आहे. सासू-सासऱ्यांच्या घरात राहणाऱ्या नववधूच्या नावे भाडेकरार कसा असणार? विवाहानंतर तीन आठवड्यांत पती परत गेला, तर संयुक्त खाते कधी उघडणार? खोटे विवाह करणारे कागद व्यवस्थित जमवितात. प्रामाणिक जोडपी पुष्कळदा कागदांत मागे पडतात.

सर्वांत गंभीर बाब म्हणजे दुर्बळ जोडीदाराचे संरक्षण. ते अमेरिकेच्या कायद्यात मुळीच नाही असे नाही. सशर्त कार्डधारक पत्नीचा घटस्फोट झाला किंवा तिचा छळ झाला, तर संयुक्त अर्जाच्या अटीतून सवलत मागून ती एकटी अर्ज करू शकते. नागरिक किंवा कार्डधारक पतीकडून छळ होत असेल, तर 1994 च्या कायद्यान्वये ती स्वतःच याचिका करू शकते, आणि पतीला ते कळविले जात नाही. ‘आय-864’ या हमीपत्राने प्रायोजक तिला दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के पातळीवर पोसण्याचे बंधन स्वीकारतो, आणि ते बंधन घटस्फोटाने संपत नाही. परंतु ‘एच-1बी’धारकाच्या पत्नीला स्वतःच्या याचिकेची ही सोय नाही, घटस्फोट झाला की ‘एच-4’चा आधारच नाहीसा होतो. म्हणजे भारतातून जाणाऱ्या स्त्रियांचा जो मोठा वर्ग आहे, तोच सर्वांत उघडा पडलेला आहे. आणि ज्यांना संरक्षण आहे, त्यांतील किती जणींना विमानात बसण्यापूर्वी त्याची माहिती असते?

येथे आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ‘ओसीआय’ कार्ड हवे असेल, तर विवाह नोंदलेला असावा लागतो आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असावा लागतो. विवाह विसर्जित झाल्यास ते कार्ड रद्द होऊ शकते. दोन वर्षांची कसोटी वॉशिंग्टनची आहे तशी दिल्लीचीही आहे. कोणतेही राज्य सीमेवर विवाहाची परीक्षा घेणारच. ती परीक्षा स्पष्ट, छाननीस खुली आणि दुर्बळाला सोयीची असावी, एवढीच अपेक्षा रास्त ठरते.

अमेरिकेचा कायदा आपण बदलू शकत नाही; आपल्या हाती असलेले तरी करावे. अनिवासी भारतीयांच्या विवाहांची 30 दिवसांत नोंदणी व्हावी, असे विधेयक 2019 साली राज्यसभेत मांडले गेले. विधि आयोगाने फेब्रुवारी 2024 मधील 287 व्या अहवालात सक्तीच्या नोंदणीचा आणि पारपत्रावर जोडीदाराचा तपशील व विवाह नोंदणी क्रमांक नमूद करण्याचा आग्रह धरला. त्याला केंद्रीय कायद्याचे रूप मिळावे. त्याबरोबर तीन साध्या गोष्टी राज्यांना करता येतील. विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्रावर दोघांची पूर्वीची आणि नंतरची पूर्ण नावे, आद्याक्षरांच्या विस्तारासह, यावीत. जोडीदारांपैकी एक परदेशी राहत असेल, तर नोंदणीच्या वेळी त्याचा व्हिसावर्ग, परदेशातील पत्ता आणि नोकरीचा तपशील प्रतिज्ञापत्रावर घ्यावा आणि त्याची प्रत दुसऱ्या जोडीदाराला द्यावी. आणि जाणाऱ्या स्त्रीच्या हाती तिच्या भाषेतील चार पानांची पुस्तिका पडावी: कोणत्या वर्गात कोणता हक्क, कोणता कागद स्वतःजवळ ठेवावा, संकटात कोठे जावे.

या सूचनांना फार मोठा खर्च येत नाही. जिल्हा प्रशासनाचा ज्याला थोडाफार अनुभव आहे, तो सांगेल की नमुन्यातील एक रकाना वाढविणे हे पुष्कळदा मोठ्या योजनेपेक्षा अधिक उपयोगी पडते. कामाक्षीबाईंना न्यायालयाकडून हक्क मिळाला नाही, कारण तो सांगणारा कायदाच त्यांच्यापाशी नव्हता. आजच्या वधूपाशी काही कायदे आहेत. ते तिला ठाऊक असणे आणि तिचे कागद तिच्याच ताब्यात असणे, एवढे पाहण्याची जबाबदारी तिच्या स्वतःच्या देशाची आहे.