फुकटेपणाचा आरोप

धाराशिवसारख्या जिल्ह्यातही आता हातोहाती मोबाइल व स्वस्त डेटा पोहोचल्याने संगणकसुलभतेचा प्रश्न मिटला, मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह हा फुकट्यांचा छंद आहे आणि नोकरी हवी असेल तर मुलांनी बाजारात चालते तेच शिकावे, असे प्रतिपादन अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते. ज्यांच्या संगणकाचा खर्च कार्यालय भरते, त्यांनाच बहुधा अशी मते सुचतात.

पहिली गल्लत शब्दाची आहे. इंग्रजी ‘फ्री’मध्ये फुकट व मुक्त हे दोन्ही अर्थ मावतात, मराठीत त्यांना वेगळे शब्द असताना ही गल्लत उसनी आणण्याचे कारण नव्हते. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्या परंपरेत मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जे हव्या त्या कामास वापरता येते, ज्याची मूळ संहिता, अर्थात प्रोग्रॅमरने लिहिलेला मजकूर, अभ्यासून बदलता येते आणि जे मूळ वा सुधारित रूपात इतरांस देता येते, ते. विकण्यास मनाई नाहीच.

आता ‘बाजारात चालते ते’. बाजाराने मराठीचे काय केले, हे डीटीपीवाल्यांस विचारावे. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला संगणकात ठरलेला संकेतांक देणारे इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये आले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी. तरीही पुढे कित्येक वर्षे प्रत्येक फॉन्ट-विक्रेता रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या मर्जीने देवनागरीचे तुकडे बसवत राहिला, आणि तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर लग्नपत्रिका असो वा ठराव, उमटत असे ती रोमन अक्षरांची खिचडी. मजकूर लिहिणाऱ्याचा, किल्ली मात्र विक्रेत्याच्या कनवटीला, असा हा व्यवहार होता. यंत्राला जमत नाही म्हणून लिपीनेच अंग चोरावे, हा टंकलेखन यंत्राच्या काळातला वादही याच जातीचा. ती यंत्रे अडगळीत गेली, जोडाक्षरे राहिली.

मोबाइलवर चित्रफीत पाहता येते, ताळेबंद मांडताना मात्र बोटे शिणतात. स्वस्त डेटाचे म्हणाल, तर २०१६ मध्ये दूरसंचार नियामकाने संकेतस्थळागणिक वेगळे दर लावण्यास मनाई केली, तेव्हा निवडक संकेतस्थळांच्या फुकट खिडकीलाच गरिबांचे इंटरनेट म्हणणाऱ्यांना ‘फुकट’ हा शब्द मुळीच खटकला नव्हता.

मंडनाची बाजू साधी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-व्यवस्था नसलेले बरेच जुने संगणक धडधाकट असूनही त्यासाठी अपात्र ठरले. भूम, परांडा वा वाशीच्या शाळेत असे यंत्र असेल, तर त्यावर हलक्या प्रकारची मुक्त लिनक्स प्रणाली व लिबरऑफिस हा कार्यालयीन कामाचा मुक्त संच बसवून, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्टसंस्थेने मुक्त परवान्याखाली दिलेल्या मुक्ता फॉन्टमध्ये मराठी लिहिता येते. केरळच्या सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर वर्षानुवर्षे शिकवत आहेत. अडचण आहे ती यंत्र अडल्यावर ते दुरुस्त करणाऱ्या माणसाची, आणि ती खरी आहे. परंतु त्यासाठी आयटीआयमधील ‘कोपा’ म्हणजे संगणक-चालकाच्या अभ्यासक्रमात लिनक्स बसवण्याचा व दुरुस्तीचा भरपूर सराव द्यावा लागेल, नवा परवाना विकत घेऊन तो माणूस मिळणार नाही.